सेकंड गिअर, एक खिळा आणि माझा शहाणपणा

२०२२ चा जुलै. गगनबावड्यात धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना, आणि करूळ घाट उतरताना माझ्या जीपचा सेकंड सुटला. सुटला म्हणजे खट्ट करून लिव्हर आपोआप न्यूट्रलला आली आणि तोवर इंजिनाने धरून ठेवलेली गाडी एकदम मोकळी झाली. जुन्या ड्रम ब्रेकची गाडी भर पावसात घाटात ज्यांनी चालवलीय त्यांना त्या क्षणी पोटात काय होतं ते सांगायला नको. शेजारी बायको, मागे मावसभाऊ आणि त्याची दोन पोरं गाणी म्हणतायत. ब्रेक पंप करत करत क्लच दाबला, परत सेकंड टाकला आणि मग पार वैभववाडीपर्यंत डाव्या हाताने लिव्हर दाबून धरून आलो. बायको म्हणाली हात तिथंच का ठेवलाय. म्हटलं, सवय आहे.

तर ही त्या सेकंड गिअरची गोष्ट. लांबलचक आहे, आणि यात सगळ्यात मोठा गाढव मीच आहे हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कमेंटमध्ये सांगायला नको.

मी मेकॅनिक नाही. बँकेत बसतो, दिवसभर लोकांचे केवायसी बघतो. जीप काकांची, सीजे थ्री बी, गावाकडं उसाच्या पाण्याला जायला घेतलेली. काकांचे गुडघे गेल्यावर ती गोठ्याशेजारी चार वर्षं उभी होती, कोंबड्या बसायच्या सीटवर. भंगारवाला रेट लावून गेला तेव्हा मी म्हटलं मी नेतो. तेव्हापासून दर रविवारी मी तिच्याखाली आणि घरचे माझ्या नावाने बोटं मोडत.

ज्यांना जीपमधलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. महिंद्राने १९४७ मध्ये विलीजच्या जीपा सुट्या भागात आणून मुंबईत जोडायला सुरुवात केली. थ्री बी हे मॉडेल विलीजने अमेरिकेत १९५३ च्या सुमारास काढलं, त्याचं बॉनेट असं उंच का तर आतलं हरिकेन इंजिन उंच. त्यात इन्टेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, असला चमत्कारिक प्रकार, त्यामुळे उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं. तिकडं हे मॉडेल कधीच बंद पडलं, आपल्याकडं मात्र त्याच नाकाच्या गाड्या पुढं कितीतरी वर्षं निघत राहिल्या. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिनं आली, माझ्या गाडीतलं २३५० हे त्यातलंच, मुळात इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. स्टार्ट केलं की शेजारच्या घरातली भांडी वाजतात. काकांनी ते कागदोपत्री आरसी बुकावर चढवून घेतलेलं होतं हे माझं नशीब, त्याबद्दल पुढं बोलतो.

गिअरबॉक्स मात्र जुनाच, टी नव्वद, तीन गिअरचा. आणि त्याच्या ढुंगणाला चिकटलेला ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा, ज्याला परदेशी लोक स्पायसर १८ किंवा डेना १८ म्हणतात आणि आमचे मेस्त्री 'मागचा डबा' म्हणतात. मीही डबाच म्हणणार. या डब्याला दोन छोट्या लिव्हर, एक पुढचा एक्सल जोडायला आणि एक हाय-लोला. लोमध्ये हा डबा अजून २.४६ पट वेग कमी करतो. मूळ विलीजच्या आकड्यात बोलायचं तर पहिला गिअर २.७९८, डबा २.४६, एक्सलमधले क्राऊन पिनियन हे गिअर ५.३८, सगळ्याचा गुणाकार केला तर ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. मसाई पठाराच्या पायथ्याला चिखलात एकदा मी फर्स्ट लो टाकून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून बसलो होतो आणि गाडी म्हाताऱ्या बैलासारखी आपली आपण वर चढत गेली, तो आनंद कशात नाही.

आता सेकंडच का सुटतो? हे मला नंतर कळलं पण इथंच सांगतो, कारण सगळी गंमत यातच आहे. टी नव्वदचा फर्स्ट सरळ दात्यांचा, सरकवून अडकवायचा, त्याला सिंक्रो (गिअर अडकण्याआधी दोघांचा वेग जुळवणारी रिंग) नाही, म्हणून चालत्या गाडीत टाकला की दळण दळल्यासारखा आवाज. थर्ड म्हणजे डायरेक्ट, इंजिनाचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट थेट जोडले जातात, दात्यांवर दाते फिरत ताकद जातच नाही. राहिला सेकंड, त्याचे दाते तिरके. तिरके दाते आवाज कमी करतात पण फिरताना एकमेकांना बाजूला ढकलतात. रेस दिली की एका बाजूला, घाट उतरताना गाडी इंजिनाला ओढायला लागली की बरोबर उलट बाजूला. म्हणजे आत कुठंही थोडी जरी ढिलाई असली तरी उतारावर सेकंड तिथून बाहेर पडायला बघणार. फर्स्ट-थर्डला काही नाही आणि सेकंडच सुटतो, तोही उतारावरच, हे लक्षण स्वतः बोंबलून सांगत होतं की आत काहीतरी पुढं-मागं सरकतंय. ऐकायला कोण होतं पण.

माझ्यातल्या शहाण्याने ठरवलं, सिंक्रो गेला. तीन व्हिडिओ बघितले, त्यातले दोन अमेरिकन आजोबांचे ज्यांच्या गॅरेजात आमच्या अख्ख्या घराएवढी जागा आणि छताला लटकणारी क्रेन. माझ्याकडं परड्यातली फरशी, रेल्वेचे दोन जुने स्लीपर, एक बाटली जॅक आणि मावसभाऊ.

खोलायला दोन रविवार गेले. आधी पायाखालचा पत्रा, त्याचे स्क्रू इतके गंजलेले की निम्मे छन्नीने उडवले. मग पुढचा-मागचा प्रोपेलर (डब्यातून एक्सलला ताकद नेणारा दांडा), हँडब्रेकची केबल (हँडब्रेकचा ड्रम या गाडीत चाकाला नसतो, डब्याच्या मागे प्रोपेलरवर असतो, म्हणून प्रोपेलरचा सांधा, म्हणजे क्रॉस, ढिला असला तर हँडब्रेक ओढूनही गाडी इंचभर डुलते), मग लिव्हर, क्लचची दांडी, खालचा आडवा मेंबर. गिअरबॉक्स आणि डबा एकत्र काढायचा म्हणजे दोघांना उचलेना. शेवटी खाली उसाच्या पाचटाची पोती रचली आणि जॅकवर तोलत तोलत उतरवला. उतरवला म्हणजे शेवटचा वीतभर पाडलाच.

डबा वेगळा करायचा तर त्याच्या मागचं गोल झाकण काढावं लागतं, जिथं पूर्वी पीटीओ, म्हणजे गाडीच्या ताकदीवर बाहेरचं यंत्र चालवायचा जोड, लावायचे. आत एक मोठा नट दिसतो, वर खाचा असलेला, कॅसल नट. गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट मागे डब्यात घुसलेला असतो आणि त्याच्या टोकाला डब्याचा पहिला गिअर बसवून या नटाने आवळलेला असतो. हा नट नुसता तो गिअर धरत नाही, अख्खा मेन शाफ्ट मागच्या बेरिंगशी घट्ट ओढून धरतो. नट फिरू नये म्हणून खाचेतून शाफ्टच्या भोकात कॉटर पिन घालायची आणि पाय वाकवायचे. माझ्या गाडीत कॉटर पिनच्या जागी काय होतं? खिळा. साधा सुताराचा, डोकं चपटं केलेला, दोन इंची खिळा.

मी इतका हसलो. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'भारतीय इंजिनिअरिंग'. अंगठे आले पंचवीस. कुणीतरी कधीतरी रस्त्यात कुठंतरी मारलेला तो खिळा, आणि त्याने किती वर्षं तो नट एक खाच हलू दिला नव्हता हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आत बघितलं तर बऱ्यापैकी झीज होतीच. सिंक्रोची पितळी रिंग गुळगुळीत, लहानपणीच्या झिजलेल्या दहा पैशासारखी. वरच्या झाकणातल्या गोळी-स्प्रिंगमधली एक स्प्रिंग मेलेली. ही गोळी दाबाने दांडीच्या खाचेत बसते आणि लिव्हर जागेवर धरते, स्प्रिंग मेली की पकड गेली. दांडी ओढल्यावर त्यातली एक गोळी जी उडाली ती पत्र्याला लागून गटारीत. सायकलच्या दुकानातला छरा मापाला बसेना, शेवटी उद्यमनगरात एका बेरिंगवाल्याकडं मिळाला, त्याने पैसेच घेतले नाहीत, म्हणाला एकाचं काय बिल करू. कोल्हापुरात राहायचा हा फायदा. फौंड्री, लेथ, टर्नर, हीट ट्रीटमेंट सगळं चार गल्ल्यांत, शाफ्ट घेऊन गेलं की चहा होईस्तोवर माप काढून हातात. पुण्या-मुंबईत जीपवाले मित्र आहेत त्यांना एका बुशसाठी अर्धा दिवस रजा टाकावी लागते.

सिंक्रोचा किट दिल्लीहून मागवला, काश्मिरी गेटच्या बाजारातून, यायला बारा दिवस लागले. त्या बारा दिवसांत मावसभावाने त्याचा पॉवर वीडर आणला. हा उपप्रसंग वाटेल पण सोडू नका.

वीडर म्हणजे उसात तण काढायचं छोटं यंत्र, पेट्रोलवरचं फोर स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून स्टार्ट करायचं. तक्रार अशी की दोरी ओढली की ती उलटी हिसका मारते, बोटं सोलवटून निघतात, आणि कार्बोरेटरातून फाडकन आवाज येतो. गावातल्या एकाने सांगितलं पेट्रोल खराब. आता पेट्रोलला शिव्या घालायची फॅशनच आहे, आणि थोडं खरंही आहे, २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, महिनोन्महिने टाकीत उभं राहिलं की तळाला पाणी बसतं, कार्बोरेटरात पांढरी राख धरते, जुनी रबरं फुगतात. आमच्याकडं तर मजाच, इथेनॉल उसाच्या मळीचं आणि ते बिघडवणार कुणाचं मशीन तर उसात तण काढणाऱ्याचं. उपाय साधा आहे, काम संपलं की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्बोरेटर कोरडा ठेवायचा. आणि जेट चोकअप झाला तर त्यात वायरची तार खुपसू नका हो, मी पोरपणी काकांच्या लुनाचा जेट असाच 'साफ' केला होता, भोक मोठं झालं आणि लुना रिकाम्या रस्त्यावर धूर सोडत आगगाडीसारखी जायला लागली. जेट क्लीनरच्या फवाऱ्याने उडवायचा, फार तर नायलॉनचा ब्रशचा केस.

पण इथं रोग वेगळा होता. उलटा हिसका आणि कार्बोरेटरातून फटाका म्हणजे ठिणगी चुकीच्या वेळी पडतेय. या इंजिनांत फ्लायव्हीलवर चुंबक असतो, तो कॉइलसमोरून गेला की ठिणगी. म्हणजे फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी बसलेलं पाहिजे, आणि ती जागा ठरवायला एक छोटीशी किल्ली असते, चावी म्हणतात तिला. फ्लायव्हील काढलं, चावी बाहेर काढली तर अर्धी कापली गेलेली, मधे पायरी पडलेली. फ्लायव्हील चार-पाच डिग्री घसरलेलं. भावाला विचारलं हे आधी कुणी खोललं होतं का, तर म्हणाला मीच, कॉइल बदलली, आणि नट हातानेच आवळला, कारण मोठा पाना नव्हता. मग मी त्याला लेक्चर दिलं. की बाबा चावीचं काम फक्त जागा दाखवायचं, पकड असते ती टेपरची, शाफ्ट निमुळता, फ्लायव्हील निमुळतं, नट पुरता आवळला तरच टेपर टेपरला धरतो, नाहीतर सगळा भार त्या मऊ चावीवर येतो आणि ती कापली जाते. "नट टॉर्कने आवळायचा असतो," म्हणजे ठरलेल्या जोराने, असं मी बोट वर करून सांगितलं. चावी नवीन घातली, नट आवळला, दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू. भाऊ माझ्याकडं देवासारखा बघायला लागला आणि मला ते आवडलं.

बारा दिवसांनी किट आलं. गिअरबॉक्स जोडला, डबा जोडला, मागून गिअर बसवला, वायसर, नट. टॉर्क रेंच भाड्याने आणलेला. आवळला, कट्ट आवाज आला, छान. आता कॉटर पिन. शाफ्टचं भोक आणि नटाची खाच जुळेना. थोडक्यात राहत होती, अर्ध्या खाचेएवढी. पुढं आवळायला बघितलं तर हलेना, संध्याकाळचे सात वाजलेले, डास, आणि घरून तिसरी हाक आलेली. म्हणून मी काय केलं, नट थोडासा मागे घेतला. जेमतेम अर्धी खाच. कॉटर पिन सुळ्ळकन गेली. नवीन, चकचकीत. पाय वाकवले. खिळ्याच्या जागी खरी पिन म्हणून परत एक फोटो.

ज्यांना माहीत आहे त्यांनी आत्ता डोक्याला हात लावला असणार. कॅसल नट मागे घ्यायचा नसतोच. भोक नाही जुळलं तर पुढच्या खाचेपर्यंत अजून आवळायचा, नाहीच गेला तर पातळ वायसर बदलून बघायचा, पण मागे नाही. मागे घेतला की तुम्ही दिलेला सगळा ताण सोडलात, आणि पिन फक्त नट गळून पडू देत नाही, ती घट्टपणा आणत नाही.

ऑइलचाही घोळ घातला. दुकानात नव्वद नंबर मागितलं, त्याने डबा दिला, मी ओतला. नंतर त्या ऑइलच्या डब्यावर प्रत वाचली, जीएल ५. ते एक्सलमधल्या डिफ्रेंशियलला (वळताना दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) उत्तम, पण त्यातली गंधक-फॉस्फरसवाली रसायनं पितळेला खाऊ शकतात, आणि मी आत्ताच नवीन पितळी रिंग घातलेली. सिंक्रोवाल्या गिअरबॉक्सला जीएल ४ घ्यायचं. परत काढून ते ऑइल मागच्या एक्सलला ओतलं, वाया नाही गेलं. आणि हेही कळलं की या गाडीत गिअरबॉक्स आणि डबा यांच्यात मागच्या बेरिंगमधून ऑइल एकीकडून दुसरीकडं जातं. गिअरबॉक्सचं लेव्हल कमी म्हणून मी दोनदा भरलं तर डब्याचा प्लग उघडल्यावर धो धो. लेव्हल बघायचं तर दोन्हीचं एकदम बघा.

तीन-चारशे किलोमीटर गाडी लोण्यासारखी चालली. मग गणपतीत पन्हाळ्याहून उतरताना खट्ट. सेकंड सुटला.

तेव्हा मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. पहिला राग दिल्लीच्या किटवर, नकली माल, पितळ नाही रंग दिलाय वगैरे. मग एका मित्राने आदिम उपाय सांगितला, सायकलच्या ट्यूबचा रबर कापून लिव्हरला बांधायचा आणि सीटच्या खाली ओढून ठेवायचा, सेकंड टाकला की अडकवायचा. मी तो दोन महिने वापरला, खोटं कशाला बोलू. पण असं हाताने किंवा रबराने लिव्हर ओढून धरली की आतला काटा, म्हणजे शिफ्ट फोर्क, फिरणाऱ्या बाहीवर सतत घासत राहतो आणि तोच झिजतो. म्हणजे रोग एक, आपण दुसरा आणतो.

या काळात मी गिअरबॉक्सच बदलायच्या विचारात होतो. कुणी म्हणे चार गिअरचा टाक, कुणी म्हणे इंजिनासकट बदल. इथं ते आरसी बुकाचं सांगतो. गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलात बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोलताना स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असं आलं. इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि ते आरसीवर चढवावं लागतं. माझं मत विचाराल तर निम्मे लोक जे मॉडिफिकेशन म्हणून करतात ते गाडीवर अन्याय आहे. आमच्यातल्याच एकाने ३३ इंची टायर टाकले. मूळ ६.००-१६ चा टायर साधारण २८ इंचाचा. टायर मोठा झाला म्हणजे गिअर आपोआप सोळा-अठरा टक्के उंच झाला, त्या ३७ चे ३१ उरले, चढाला गाडी मरायला लागली, मग तो क्लच घासतो, स्पीडोमीटर कमी दाखवतो, आणि एक दिवस दगडात चाक अडकलं आणि एक्सलमधला चाक फिरवणारा हाफ शाफ्ट तुटला. त्याने पुढं डिफ्रेंशियलचे आतले गिअर वेल्ड करून घेतले, दोन्ही चाकं एकदम फिरावीत म्हणून. चिखलात भारी. डांबरी रस्त्यावर वळताना टायर रडतात आणि तोही. दिसायला मात्र नाद खुळा, हे मान्य.

असो. दिवाळीच्या आधी मी परत सगळं खोलायचं ठरवलं, आणि पोती रचण्याआधी सहज उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना गाडी दाखवायला नेली. वय सत्तरच्या पुढं, आयुष्य जीपांत गेलेलं, आता नजर कमी म्हणून काम करत नाहीत, नुसते खुर्ची टाकून बसतात. त्यांनी गाडी चालवून बघितलीच नाही. तीन प्रश्न विचारले.

"थर्ड सुटतोय काय?"

"नाही मामा."

"फर्स्ट?"

"नाही."

"मागचं झाकाण काढून बगितलासा काय?"

मी म्हटलं झाकण कशाला, सिंक्रोचं आहे ते, दिल्लीचा माल नकली. ते काही बोलले नाहीत. पोराला पाना आणायला सांगितलं. गाडी खालून, अंगणातच, काही न उतरवता, फक्त ते मागचं गोल झाकण काढलं. ऑइल थोडं गळालं. मावसभाऊ बॅटरी धरून उभा. मेस्त्रींनी मला म्हटलं, "हात घाला की पाहुणं, माझा पोचत न्हाई."

मी आत हात घातला आणि तो मोठा कॅसल नट दोन बोटांत धरला. तो हलला. पिनेच्या दोन्ही बाजूंना खाचेएवढा, टिक टिक, टिक टिक. नवीन चकचकीत कॉटर पिन, मी घातलेली, तिच्या कडा झिजून धारदार झालेल्या. मी अर्धी खाच मागे घेतलेला नट, ट्रॅक्टरच्या इंजिनाचे हादरे, आणि प्रत्येक उतारावर मेन शाफ्ट केसभर मागेपुढे. बाकी सगळं ठीक होतं. दिल्लीचा किट एक नंबर होता.

"आधी काय हुतं ह्यात?" मेस्त्री.

"खिळा होता मामा."

"खिळाच बरा हुता मग."

मावसभाऊ बॅटरी बंद करत म्हणाला, "नट टॉर्कने आवळायचा असतो, दादा." एवढंच. हसलाही नाही, तेच जास्त लागलं.

चाकांना दगड लावले, दोन्ही एक्सल जोडून डबा गिअरात टाकला म्हणजे शाफ्ट फिरत नाही, आणि नट आवळला. भोक परत जुळेना. मेस्त्री म्हणाले अजून. मी लोंबकळलो पान्याला. अजून. कुठंतरी कुईं झालं आणि पुढची खाच समोर आली. पिन गेली. अर्धा तास, एक पॅकिंग, थोडं ऑइल. पैसे विचारले तर म्हणाले चहा सांगा, स्पेशल सांगा, पोरालाही.

त्यानंतर करूळ घाट दोनदा झालाय, एकदा वर एकदा खाली, सेकंडमध्ये, दोन्ही हात स्टीअरिंगवर. बायकोच्या लक्षात आलं, म्हणाली आज हात तिथं नाही. म्हटलं, सवय मोडली.

आता डब्याच्या मधल्या शाफ्टला ऑइल झिरपतंय. तिथं एक ओ रिंग असते, या डब्यांचं जुनं दुखणं आहे म्हणतात, बदलायची तर बरंच खोलावं लागेल. खाली पुठ्ठा टाकलाय. काल सकाळी बघितलं तर रात्रभरात तीन थेंब, परवा चार होते. अजून काही दिवस मोजतो मग बघू. तो खिळा मात्र टेबलाच्या ड्रॉवरमध्ये आहे, ऑफिसात, स्टेपलरच्या पिनांच्या डबीत, आणि परवा शिपायाने तो उचलून विचारलं साहेब हे टाकू का, तर मी जवळजवळ ओरडलोच.